एकोणीस नंबरचं गेज

९ जानेवारी

ढब्बूबाईंना मामाचे आशीर्वाद, जेवढे शिल्लक आहेत तेवढे.

तुझी आई सकाळपासून दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय की माझी लेक पाणबुडीची अणुभट्टी चालवणार. मी म्हटलं, अगं, चालवणार नाही, चालवायला शिकणार, आणि तिथे गेलेल्या तिघांतला एक महिन्या-दोन महिन्यांत पेटी उचलून परत येतो. त्यावर तिने माझ्याशी अबोला धरला. चहाचा कप तेवढा समोर आदळला, निम्मा बशीत. बहिणीच्या घरी राहणाऱ्या निवृत्त माणसाला एवढाही मिळतो हे नशीब.

वर्गातले सहा महिने तू काढलेस, ठीक आहे. घोकणं पोपटालाही जमतं. आता पुढचे तीन महिने खऱ्या भट्टीवर. बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण पाणबुडीचं इंजिनघर आख्खं कापून आणल्यासारखं जमिनीवर बसवलंय. आत अणुभट्टी खरी, वाफ खरी, आणि चुकलात तर भाजणंही खरं. मी तिथे बावीस वर्षं पोरं घडवली. घडवली म्हणजे काय, निम्मी हाकलली. त्यांच्या आया मला अजून शिव्या घालत असतील. घालू देत. पोरं जिवंत आहेत म्हणून शिव्या सुचतात.

तुला एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिथले शिकवतील. वॉचवर असताना, म्हणजे तुझी पाळी असताना, दर तासाला हातात तक्ता घेऊन सगळ्या गेजांपुढून फिरायचं आणि काटा जिथे असेल तो आकडा लिहायचा. काटे महिनोन्महिने हलत नाहीत. माणूस तिथेच सडतो. त्याला वाटतं, मागच्या तासाला जो होता तोच आत्ताही असणार, कशाला जा. बसल्या जागी लिहून मोकळा होतो. न पाहिलेला आकडा लिहिणारा माणूस माझ्या लेखी मेला. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं का वाकत नाहीत ते तुला माहीत आहे. कुणीतरी एकाने आकडा बसल्या जागी लिहिला, पंप तापत गेला, तेल पेटलं, आणि झडप बंद करायला मी जवळ होतो.

अशांना पकडायची माझी युक्ती तुला कधी सांगितली नव्हती. सगळ्यात खालच्या मजल्यावर, तेलाच्या पंपामागे, एकोणीस नंबरचं गेज आहे. गुडघ्यांवर रांगत गेल्याशिवाय दिसत नाही. कधीतरी मनात आलं की मी त्याच्याखाली एक चिठ्ठी चिकटवायचो, वर तारीख आणि वेळ घालून: 'इथवर आलात, शाब्बास. सही करा.' दुसऱ्या दिवशी तक्ता आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवायचो. तक्त्यावर आकडा आहे आणि चिठ्ठीवर सही नाही असा जो सापडेल तो संध्याकाळच्या आत गेटबाहेर. एक जण माझे पाय धरून रडला होता. बायकोचे दिवस भरत आले होते त्याच्या. मी म्हटलं, बरं झालं, आता वेळेला घरी असशील.

फोन ते गेटवरच काढून घेतात, तेव्हा पत्रंच लिही. नकाशे आणि आकडे पत्रात लिहू नकोस. अक्षर सुधार, कोंबडीने उकरल्यासारखं असतं.

मामा


२४ जानेवारी

मामा,

नमस्कार. अक्षर सुधारलंय, नीट बघा आणि मग बोला.

इथे तुमच्यापासून सुटका नाही. खालच्या मजल्यावरच्या वर्गाच्या दारावर तुमच्या नावाची पाटी आहे, रोज तिच्याखालून जाते. आमचे मुख्य प्रशिक्षक मिशीवाले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "तू उस्तादांची भाची ना? मग तुला दुप्पट विचारीन." शब्दाला जागतात हो. मला एक कार्ड दिलंय, एकशे बारा चौकोनांचं. प्रत्येक पंप, प्रत्येक झडप, प्रत्येक नळी तोंडपाठ सांगायची, समोरचा उलटसुलट विचारतो, समाधान झालं तर एका चौकोनात सही. नाही झालं तर "जा, पुन्हा वाचून ये." आतापर्यंत नऊ सह्या झाल्यात. मिशीवाल्या सरांकडे एका सहीसाठी चार वेळा गेले. चौथ्या वेळी सही करून म्हणाले, "दया आली म्हणून."

वह्या इमारतीबाहेर न्यायच्या नाहीत, कपाटात कुलूपबंद. म्हणजे अभ्यास सगळा आतच, खिडकी नसलेल्या खोलीत, पांढऱ्या दिव्याखाली. बाहेर आलं की दिवस आहे की काय हे घड्याळात बघावं लागतं. बारा तास तिथे, मग खोलीवर येऊन झोप.

खोलीत माझ्याबरोबर एक मुलगी आहे. सगळे तिला शिडी म्हणतात, कारण ती दारातून वाकूनच येते. तिला सगळं येतं मामा, आणि आलेलं सांगताही येतं. झोपायच्या आधी ती चादरीवर बोटाने नळ्या काढते, इथून पाणी गेलं, इथे गरम झालं, आता पुढे कुठे? मी बोट पुढे नेते. चुकले की हातावर चापट. चादर झटकली की काही उरत नाही, म्हणजे नियमही मोडत नाही. त्या नऊ सह्यांतल्या सहा तिच्या आहेत असं समजा.

शेवटी तिघा परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा. दोनदा नापास झालं की संपलं. मग बोटीचा गंज खरवडायला पाठवतात, करार संपेपर्यंत. मला भीती वाटते. मला येतं, पण समोर माणूस बसला की जीभ टाळूला चिकटते.

आईला सांगा मी खाते-पिते.

ढब्बू


३ फेब्रुवारी

ढब्बूबाई,

जीभ तुझ्या बापावर गेलीय. तोही लग्नाच्या वेळी तुझ्या आजोबांसमोर नुसता घाम पुसत उभा होता, शेवटी मीच म्हटलं की हो, त्याला ती पसंत आहे. तुझ्या परीक्षेला मी येऊन बोलणार नाही. किंवा तू रखडलीस तर येईनही, पण समोरच्या खुर्चीत.

बातमी सांगतो. जुलैपासून मला पाहुणा परीक्षक म्हणून बोलावतायत. मिशीवाल्याचं पत्र आलं. माझाच चेला तो, पहिल्या तोंडीत मी त्याला असा पिळला होता की बाहेर जाऊन उलटी केली. आता आदराने लिहितो. चार वर्षं मी या घरात भाजी निवडतोय आणि तुझ्या आईला नळाच्या चकत्या बदलून देतोय. गणवेश काढून पाहिला, पोटावर बसत नाही, शिंप्याकडे टाकलाय. त्या खुर्चीत पुन्हा बसायला मिळालं की मी मेलो तरी चालेल. हे तुझ्या आईला सांगू नकोस, ती रडेल.

तुझी शिडी. हुशार माणसाशी गट्टी करू नकोस. हुशार माणसाला वाटतं, आपल्याला उत्तर माहीत आहे, मग बघायला कशाला जायचं. मी हाकललेल्यांत ढ फार थोडे होते. ढ घाबरून प्रत्येक काट्यापाशी जातो.

तू घाबरट आहेस, तेवढी एक आशा आहे.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

सराव तोंडीत नापास झाले. मोजत नाहीत ती, पण मिशीवाले सर म्हणाले, "खऱ्या परीक्षेत अशी उभी राहिलीस तर पाटीवरचं नाव पुसून ठेवू." सगळे हसले. मी पण हसले, काय करणार.

खोलीवर येऊन उशीत डोकं खुपसून रडले. शिडीने उशी काढून घेतली. तिने मला उभं केलं, स्वतः खुर्चीत बसली, पेन्सिल मिशीसारखी ओठावर धरली आणि विचारायला लागली. आधी मला हसू आवरेना. मग उत्तरं यायला लागली. असं आठ दिवस चाललंय. पेन्सिल असली की माझी जीभ सुटते. परवा सरांसमोर त्यांच्या मिशीकडे बघत मनात पेन्सिल धरली आणि तीन सह्या घेऊन आले.

आता एक गोष्ट लिहिते, मामा, ती तुमच्यापाशीच ठेवा. शिडीचा डावा गुडघा गेलाय. पहिल्याच महिन्यात लोखंडी जिन्यावरून घसरली होती. कुणाला सांगितलं नाही, कारण डॉक्टरने बघितलं तर अपात्र ठरवून घरी पाठवतील. रोज रात्री पट्टी बांधते. तिच्या घरी ती एकटी कमावती, पाठीवर दोन भाऊ. चालते, उभी राहते, जिना चढते. फक्त रांगता येत नाही. म्हणजे येतं, पण दात आवळून. म्हणून ती वॉचवर असली की एकोणीस नंबरपाशी पहिल्या तासाला आणि शेवटच्या तासाला जाते. मधल्या तासांचा आकडा वरूनच लिहिते. तो काटा हलतच नाही म्हणा.

मला हे तीन आठवड्यांपासून माहीत आहे. तुमचं पहिलं पत्र मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. मी तिला म्हटलं, तुझं एकोणीस मी बघून येत जाईन, पण आमच्या पाळ्या एकापाठोपाठ असतात, एकत्र नाही. तिला बोलू की नको? सरांना सांगायचं म्हणजे तिचा गळा कापायचा. तुम्ही सांगा काय करू. तुमच्याशिवाय विचारायला कुणी नाही.

ढब्बू


२८ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

पत्र मिळालं. तुझ्या आईच्या डोळ्याला चष्मा लागला. फ्रेम अशी निवडलीय की घुबड परवडलं. तुझे कपडे काढून पुन्हा घड्या घालत असते, उगीच.

पेन्सिलीची युक्ती बरी आहे. शिंप्याने गणवेश सैल करून दिला, आता बसतो. उजव्या बाहीचं बटण मला लावता येत नाही. तू घरी होतीस तेव्हा ते काम तुझं होतं.

त्या मुलीचं मनावर घेऊ नकोस. काही बोलू नकोस, कुणाला नाही. तू आपल्या तक्त्यापुरतं बघ. एकोणिसापाशी मात्र प्रत्येक तासाला जात जा, एकही तास चुकवू नकोस. ताप आला तरी जा. एवढं माझं ऐक.

मामा


१७ मार्च

मामा,

शिडी गेली.

तुम्हाला कसं झालं ते ऐकायचं असेल, तर सांगते. दहा तारखेला सकाळची पाळी माझी होती. नऊच्या फेरीला रांगत एकोणिसापाशी गेले, बॅटरी मारली, आणि गेजाखाली चिठ्ठी. तारीख, वेळ, आणि 'इथवर आलात, शाब्बास. सही करा.' शब्दाला शब्द तोच. इथे असं कुणी कधी केल्याचं चार वर्षांत कुणाला आठवत नाही, मी नंतर विचारलं. मी सही केली. पुढे नऊची वेळ घातली, अक्षर कोंबडीचं आलं.

बारा वाजता पाळी बदलली. माझ्याकडून शिडीने तक्ता घेतला. नेहमी विचारते तसं तिने विचारलं, "खाली सगळं ठीक?"

मी म्हटलं, "ठीक."

एवढंच म्हटलं, मामा. जिन्यापाशी सर उभे होते, पण पाठमोरे होते. नुसतं डोळ्यांनी सांगितलं असतं तरी तिला कळलं असतं. मला वाटलं, तुम्ही सरांना सगळं सांगितलेलं असणार, कळलं तर ती सही करेल, मग सर विचारतील ही आजच मधल्या तासाला कशी गेली, मग माझं नाव निघेल. हे सगळं मला त्या एका क्षणात सुचलं. परीक्षेत सुचत नाही, हे सुचलं. आणि त्या दिवशी तिचा गुडघा सुजला होता, ती पहिल्या तासालाही गेली नाही, शेवटच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना तुमच्या पाटीखाली उभं केलं. एका हातात तक्ता, एका हातात चिठ्ठी. "पाच जणांनी आकडे लिहिले. चार जण तिथे गेले होते." शिडीने पाय धरले नाहीत की काही नाही. ती म्हणाली, "हो सर." खोलीवर येऊन पेटी भरली, पट्टी सोडली, सगळ्यांसमोर लंगडत गेटपर्यंत गेली. आता लपवायचं काही नव्हतं. ती पेन्सिल माझ्या उशीवर ठेवून गेली. माझी सही नऊ वाजताची आहे हे तिने चिठ्ठीवर पाहिलं होतं.

तुम्ही सरांना फोन केलात. माझ्या पत्रावरून केलात. मी तुमच्यापाशीच ठेवा म्हटलं होतं.

आता चौकशी आहे. वर्गातल्या प्रत्येकाने पंचवीस तारखेपर्यंत लेखी द्यायचंय: ती आकडे न बघता लिहिते हे तुम्हाला आधी माहीत होतं का? माहीत असून गप्प बसणाऱ्यालाही काढू शकतात. माझी खरी परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे, एकशे बारापैकी एकशे आठ सह्या झाल्या आहेत. मी काय लिहू?

ढब्बू


ढब्बू,

फोन मी केला. मिश्याला एवढंच म्हटलं की एकोणिसावर एकदा चिठ्ठी लावून बघ. कुणासाठी, का, काही बोललो नाही, त्याने विचारलं नाही. त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. ती पोरगी बोटीवर गेली असती आणि एक दिवस तो काटा हलला असता.

तुझ्याबद्दल मात्र ऐक. 'मला माहीत नव्हतं' असं लिही. तीन शब्द, खाली सही. खोलीतल्या मुलीचं सगळं माहीत असायलाच हवं असा नियम नाही. तिने तुझं नाव घेतलेलं नाही, आता घेणारही नाही. तुला माहीत होतं हे तिच्याशिवाय दुनियेत फक्त मला ठाऊक आहे.

माझी सगळी पत्रं जाळून टाक. हे आधी जाळ.

मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

वाचले! राहिले!

खरं सांगते, जवळजवळ फसले होते. तुमचं पत्र आलं तेव्हा इतकं हायसं वाटलं की लगेच कागद घेऊन तुमचे ते तीन शब्द लिहिलेसुद्धा. मग पुन्हा तुमचं पत्र हातात घेतलं आणि पाहिलं की वर तारीख नाही. माझा मामा किराणाच्या यादीवरसुद्धा तारीख घालतो. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. जो माणूस न पाहिलेला आकडा लिहिणाऱ्याला मेलेला समजतो, तो मला पाहिलेलं लपव म्हणून सांगेल? आणि 'जाळून टाक'? तुम्ही? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे एकोणीस नंबर आहे. इथे माझ्यासाठी चिठ्ठी लावलीय, आणि मी तिथवर जाते की बसल्या जागी लिहिते हे मामा बघतोय. सरांनाही सगळं सांगून ठेवलेलं असणार.

तो कागद फाडला. खरं ते लिहिलं. मला जानेवारीच्या अखेरीपासून माहीत होतं, नऊ वाजता चिठ्ठी दिसली होती, बाराला मी "ठीक" म्हटलं. सगळं. आणि तुमची सगळी पत्रं जोडली, शेवटचंसुद्धा.

मिशीवाल्या सरांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. त्यांनी ते वरच्या साहेबांकडे पाठवलं. आठ दिवस माझ्या तोंडात अन्नाचा कण गेला नाही. मग बोलावलं. साहेब म्हणाले, गप्प बसल्याबद्दल शिक्षा होईल, परीक्षा अडीच महिने पुढे जाईल, तोवर तेलाच्या टाक्या पुसायच्या. पण राहायचं. "स्वतःच्या माणसाने खोटं बोल म्हणून सांगितलं असताना जी खरं लिहिते, ती आम्हाला हवी आहे." असं म्हणाले, शब्दाला शब्द.

मामा, या वेळची चिठ्ठी भारी होती. कबूल करा, तुम्हाला वाटलं होतं मी पडणार. आता तरी एकदा शाब्बास म्हणा.

तुमची ढब्बू


२६ एप्रिल

ढब्बू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मिश्याचं त्याच्याआधी दोन दिवस आलं होतं. जुलैचं बोलावणं रद्द. पुढे कधीच नाही. पाटी त्याने स्वतः उतरवली म्हणे, दुसऱ्याला उतरवू दिली नाही, एवढा मान ठेवला. लिहिलंय, 'उस्ताद, तुम्ही शिकवलंत तेच केलं.' गणवेश खुंटीवर आहे. तुझ्या आईला मी सांगितलं की माझी तब्येत नाही म्हणून नको म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं, दगदग नको.

ढब्बू, तो फास नव्हता.

बावीस वर्षांत मी एकदाच एका माणसाला खोटं बोल म्हणालो आणि ते माणूस तू. मी तारीख घातली नाही, कारण लाज वाटत होती. चिठ्ठीवर मी नेहमी तारीख घालायचो, हे तुलाच मी लिहिलं होतं. तेवढं तरी तुझ्या ध्यानात यायला हवं होतं. तुझं सतरा मार्चचं पत्र वाचलं. मला दिसायला लागलं, तू पेटी घेऊन दारात उभी आहेस. दुसऱ्यांची पोरं परत पाठवताना मला कधी काही झालं नाही. तुझ्या वेळी झालं. मिश्याला काही माहीत नव्हतं. तू तीन शब्द लिहिले असतेस तर तुझी परीक्षा वेळेवर झाली असती, जुलैमध्ये मी त्या खुर्चीत असतो, आणि तू माझ्या बाहीचं बटण लावून दिलं असतंस.

तू केलंस ते बरोबर केलंस. मला तसं म्हणता यायला हवं. म्हणतो.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. साहेबांना पत्र लिही असंही म्हणत नाही, ते कुणी मानणार नाही. एवढंच लिही की तुला पटलं. मी तुझ्यासाठी घाबरलो होतो, हे तुला पटलं, असं एका ओळीत लिही. मग पुन्हा पत्र नाही पाठवलंस तरी चालेल.

मामा


१० मे

ढब्बू,

माझं मागचं पत्र मिळालं का? टपाल गहाळ होतं कधी कधी. एक ओळ लिही.

मामा


३० जून

मामांना,

नमस्कार. दोन्ही पत्रं मिळाली होती. टाक्या पुसणं चालू होतं, त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

परीक्षा सोळा तारखेला झाली. साडेचार तास उभी होते. तिघांनी विचारायचं ते सगळं विचारलं, मी सांगितलं. जीभ अडली नाही. पेन्सिलीची गरज पडली नाही. एकशे बारा सह्या पुऱ्या झाल्या आणि मला रिॲक्टरवरची जागा मिळाली. पाणबुडी पुढच्या आठवड्यात निघते, आईला तेवढंच सांगा, किती दिवसांसाठी ते आम्हालाही सांगत नाहीत.

तोवर मला नव्या तुकडीवर नेमलंय. चिठ्ठ्यांचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. आता ते नियमातच आलंय. काल पहिली लावली. एक मुलगा सापडला, उंची बेताची, गुडघे धडधाकट, नुसता आळस. माझ्यापुढे उभा राहून रडला. मी त्याला तुमचंच वाक्य ऐकवलं, की बरं झालं, वेळेला घरी असशील. नंतर कळलं, त्याला घर नाही.

शिडीला मी दोन पत्रं पाठवली. दोन्ही न उघडता परत आली. तिचा पत्ता बरोबर आहे, कारण पाकिटावर तिच्याच अक्षरात 'परत' लिहिलं होतं.

माझ्या फाईलमध्ये तुमची पत्रं असल्यामुळे यापुढे तुमच्याकडून आलेलं प्रत्येक पत्र मला दाखवून नोंदवावं लागेल. म्हणून लिहू नका. आईने लिहिलं तर चालेल.

तुम्ही एक ओळ मागितली होती. मी तिच्यावर खरंच विचार केला, टाक्या पुसताना दुसरं काम नसतं. तुमचं बिनतारखेचं पत्र आलं त्या दिवशीसुद्धा मी दोन्ही बाजूंनी विचार केला होता. एक तर हा फास आहे, नाहीतर मामा घाबरलाय. मी तुम्हाला चिडलेलं पाहिलंय. लोकांना रडवून जेवायला बसलेलं पाहिलंय. बोटांवरची पट्टी सोडताना विनोद करताना पाहिलंय. घाबरलेलं एकदाही पाहिलं नाही. तुम्हीच सांगा, जे पाहिलं नाही ते मी कसं लिहू?

तुमची भाची